डाव्या दिव्याचा हिरवा फ्यूज

मला अख्ख्या बाजारात शॉर्टसर्किट म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. गाड्यांच्या वायरिंगची कामं करून पोट भरणाऱ्या माणसाला हे नाव पडावं, याहून वाईट जाहिरात नाही. पण नाव खोटं आहे असंही नाही. माझं डोकं एकदा तापलं की जिभेला हाड राहत नाही. नऊ वर्षांपूर्वी ती अशी काही सुटली की अजून मी ती चावत बसलोय.

त्या दुपारी शाळेतल्या एक बाई त्यांची छोटी गाडी घेऊन आल्या. उजवा हेडलाइट लागत नव्हता.

"आणि अधूनमधून जळका वास येतो," बाई म्हणाल्या. "आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं. परत येताना अंधार पडतो."

"मग अंधार पडायच्या आत निघायचं."

"ते डॉक्टरांना सांगा तुम्ही. येऊ का घेऊन त्यांना?"

बाई तयारीच्या होत्या. मी गुपचूप बॉनेट उघडलं.

उजव्या दिव्याचा फ्यूज उडालेला असणार हे मला न बघताच कळलं होतं. पाच मिनिटांचं काम. चिमट्याने जुना काढायचा, नवा बसवायचा, दिवा लावून बघायचा. पण फ्यूजच्या डबीचं झाकण उघडताना माझा हात नेहमी जरा थांबतो. गेली नऊ वर्षं थांबतो. गिऱ्हाईक हॉर्न वाजत नाही म्हणून आलेलं असो की काच वर जात नाही म्हणून, मी आधी झाकण उघडून सगळे फ्यूज एकदा नजरेखालून घालतो. लोकांना वाटतं, काय बारकाईने काम करतो हा माणूस! कसली बारकाई आणि कसलं काय. मी ठिपका शोधत असतो.

ठिपक्याचं सांगायचं तर दादाचं सांगायला हवं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा दादा वीस वर्षांचा होता आणि मी नऊचा. पुलाखालचं वडिलांचं दुकान त्याने चालवलं, आईला सांभाळलं, मला शिकवलं. शिकवलं म्हणजे शाळेतलं नाही. शाळेतलं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं आणि दादाच्या हातात वेळ नव्हता. त्याने मला वायर सोलायला शिकवलं, घाई न करायला शिकवलं (हे काही मी शिकलो नाही), आणि बदललेल्या प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायला शिकवलं. गाडी परत आली तर कळतं की हा आपण बसवलेला आहे. तोच पुन्हा उडाला असेल तर दोष फ्यूजचा नाही, पुढे लाइनमध्ये आहे. नेलपॉलिश वहिनीचं. नवी बाटली आणली की वहिनी आधी विचारायची, "ही मी लावायची की तुमच्या गाड्या लावणार?"

आता फ्यूज रंगावरून ओळखायचे असतात. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. डोक्यावर आकडाही असतो, पण मुंगीएवढा. लाइनमध्ये वीज जास्त झाली की फ्यूज वितळतो आणि मागची वायर वाचते. दहाच्या जागी तिसाचा बसवला तर फ्यूज ऐटीत बसून राहतो आणि वायर जळते. वायर जळली की गाडी. एवढं सोपं आहे.

आणि माझ्या दादाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही.

जन्मापासून. दोन्ही त्याला एकाच मातकट रंगाचे दिसतात. बाजारातून पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं की हा दाबून बघून आणायचा, आई म्हणायची, किती चिकित्सक पोरगा! ही गोष्ट जगात आधी फक्त मला ठाऊक होती. वहिनीला लग्नानंतर चार वर्षांनी कळली. रंग न कळणाऱ्या माणसाकडे वायरिंगला गाडी कोण देईल? म्हणून दादा गाडीच्या पोटात डोकं घालायचा आणि हात मागे करायचा. हातात फ्यूज किंवा वायरचं टोक. हळूच विचारायचा, "हा कोणता?"

मी तितक्याच हळू सांगायचो, "लाल."

नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. मी नसलो तर तो फ्यूज उजेडात धरून आकडा वाचायचा, वायर असेल तर दिवा लावून तपासायचा, दुप्पट वेळ घ्यायचा, पण चुकायचा नाही. शहरात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मी बाहेरगावी गेलो की परत आल्यावर म्हणायचा, "आलास? आता काम लवकर उरकेल." तेवढंच. तेवढ्यावर मी आठवडाभर फुगून असायचो.

आणि अशा माणसाला मी काय बोललो?

त्या दिवशी एका गिऱ्हाईकाला घाई होती, पंधराचे फ्यूज संपले होते. मी उडालेल्या फ्यूजच्या पायांना तांब्याची तार गुंडाळली आणि गाडी चालू करून दिली. दादाने ते पाहिलं. चार माणसांसमोर त्याने तो फ्यूज उपटून माझ्या पायाशी फेकला. "तार लावणारा माणूस लोकांची घरं जाळतो," म्हणाला. "असली कामं माझ्या दुकानात चालणार नाहीत."

बरोबरच होतं त्याचं. बरोबर होतं म्हणूनच तर माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याने मला शिकवायचं नाही! बत्तीस वर्षं मी तुला सांगतोय, हा लाल, हा हिरवा! मी नसतो तर बसला असतास गाड्या पुसत!"

अख्खा पूल ऐकत होता. समोरचा टायरवाला हातातलं चाक तसंच धरून उभा राहिला.

दादाने टेस्टर बाकावर नीट ठेवला, आत गेला आणि नळाखाली हात धुत राहिला. हात कशाला धुवायचे त्याने? कामाची वेळ होती. मी बाहेर पडलो तो पडलोच. शहराच्या दुसऱ्या टोकाला गाळा घेतला. पुढे कानावर आलं की लोकांनी विचारलं तर दादा हसून म्हणतो, "भाऊ तापट आहे, रागात काहीही बोलतो." सगळ्यांना पटलं. म्हणजे माझ्या तोंडून खरं निघालं ते मला खोटारडा ठरवून त्याने झाकलं, आणि एकदा झाकल्यावर त्याची पंचाईत झाली. आता तो कुणाला विचारणार, हा कोणता म्हणून?

तर ठिपका. आमची बोलाचाल नव्हती, पण गाड्या काही भांडत नाहीत. आज त्याच्याकडे गेलेली गाडी वर्षाने माझ्याकडे यायची. झाकण उघडलं की एखाद्या फ्यूजच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी ठिपका. आधी वहिनीचा गडद लाल असायचा. चार वर्षांनी एकदम निळा, चमचम करणारा. मी बघतच राहिलो. मग डोक्यात प्रकाश पडला की माझी पुतणी नेलपॉलिश लावायच्या वयाची झाली. मी निघालो तेव्हा ती माझ्या पाठीवर बसून घोडा-घोडा करत होती. तो निळा ठिपका पाहून मी त्या गिऱ्हाईकाला उगाचच चहा पाजला. दोन वर्षांपूर्वी निळे ठिपके थांबले, पुन्हा वहिनीचा गडद लाल. पोरगी घराबाहेर पडली तर, मी म्हटलं. पुढे माझ्या बायकोला वहिनीचा फोन आला, पोरगी नर्सिंग शिकायला गेली म्हणून. मी म्हणालो, मला माहीत आहे. ही म्हणाली, तुम्हाला कसं माहीत? काय सांगणार, हेडलाइटच्या फ्यूजने सांगितलं?

तर बाईंच्या गाडीचं झाकण मी उघडलं. उजव्या दिव्याचा फ्यूज उडालेला, दहाचा, लाल, कंपनीतून आलेला. आणि त्याच्या शेजारी डाव्या दिव्याच्या जागी ठिपका होता. वहिनीचा गडद लाल. मला बरं वाटलं, नेहमी वाटतं तसं. मग दिसलं की ठिपका मध्यभागी नाही. कडेला घसरलेला, अर्धा बाजूच्या प्लॅस्टिकवर. आणि फ्यूज हिरवा होता.

मी चिमट्याने तो काढला आणि उजेडात धरला. तीस.

"हा कुणी बसवला?" मी विचारलं. आवाज जरा चढला असावा, कारण बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"पुलाखालचे मोठे मिस्त्री आहेत ना, त्यांनीच. दोन महिने झाले. का हो? फार चांगले आहेत, पंधरा मिनिटं नुसता फ्यूज बघत होते हातात घेऊन."

पंधरा मिनिटं! आकडा वाचत होता माझा दादा. पंधरा मिनिटं उजेडात फिरवून मुंगीएवढा आकडा वाचायचा प्रयत्न करत होता, आणि कुणाला विचारता येत नव्हतं.

डाव्या दिव्याच्या मागे हात घातला तर होल्डर सैल झालेला. त्याच्यामागची वायर पापडासारखी कडक, वरचं आवरण तडकलेलं. दहाचा असता तर केव्हाच उडाला असता. तिसाच्या जिवावर वायर आतल्या आत भाजत होती. अजून महिनाभर गेला असता, तर एखाद्या संध्याकाळी बाई आईला घेऊन येताना बॉनेटमधून धूर निघाला असता.

वायर बदलली, होल्डर बदलला, दोन्हीकडे दहाचे बसवले. बाईंना म्हणालो, वायर जुनी झाली होती. हिरवा फ्यूज खिशात टाकला.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग फोन करा."

"काय सांगू फोनवर? तुला दिसत नाही, तू चुकीचे फ्यूज लावतोस? म्हणजे पुन्हा तेच ना? एकदा बोललो त्याचं काय झालं ते बघतोय मी."

"मग मी वहिनींना सांगते."

"बायकोच्या तोंडून ऐकू दे त्याला? शोभतं का ते?"

"बरं, मग बसा हातावर हात ठेवून. कुणाची गाडी पेटली की पेपरात वाचू." ताट उचलत ती पुढे म्हणाली, "नाकं काय लांब आहेत हो तुम्हा दोघा भावांची! एवढ्यात पुलापर्यंत पोचली असती नुसती सरळ धरली तरी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला दादाकडे जायचं होतं. नऊ वर्षं रोज जायचं होतं, आणि रोज काही ना काही कारण काढत होतो. तो हाकलून देईल म्हणून नव्हे. तो काहीच बोलणार नाही, आत जाऊन हात धुत बसेल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडलाच नाही. स्कूटर काढली आणि सकाळीच पुलाखाली गेलो.

दुकान तसंच होतं. बाक तोच, पत्र्याची कपाटं तीच. एक पांढरी गाडी उभी होती, दार उघडं, आणि दादाचे पाय बाहेर. बाकीचा दादा डॅशबोर्डखाली. चपला वहिनीने आणलेल्या दिसत होत्या, त्याच्या पसंतीच्या नव्हत्या. समोर टायरवाला होता, त्याने मला पाहिलं आणि तोंड उघडलं. मी हात जोडले, गप्प राहा म्हणून.

गाडीपर्यंत गेलो. काय बोलायचं ते वाटेत सतरा वेळा ठरवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. सीटवर हातबॅटरी पडली होती. मी ती उचलली, वाकलो आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून उजेड धरला. तसाच धरायचा असतो, डावीकडून धरला तर त्याच्या हाताची सावली पडते.

दादाचा हात थांबला.

पुलावरून गाड्या जात होत्या. मग तो हात मागे आला, हळूच, पूर्वी यायचा तसा. तळव्यावर एक फ्यूज.

"हा कोणता?"

परक्या माणसाला त्याने हे जन्मात विचारलं नसतं.

"हिरवा," मी म्हणालो. "तिसाचा."

"मला दहाचा हवाय."

बाकावर फ्यूजचा डबा उघडा होता. कप्प्यांतले रंग सगळे एकमेकांत मिसळलेले. या डब्याला कुणी हात लावला तरी दादा ओरडायचा. मी लाल शोधून त्याच्या हातात दिला. त्याने बसवला. दिवा लागला. मग तो हळूहळू बाहेर आला, कंबर धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हातारा झालो होतो ते त्याला दिसलं असणार. त्याला जेवढं दिसतं त्यात.

"मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन कर. मी म्हटलं बघू."

"बघू काय? दिसत तर नाही."

"आला! आला शॉर्टसर्किट," दादा म्हणाला. म्हणजे हे नाव इथपर्यंत पोचलं होतं.

मी खिशातून हिरवा फ्यूज काढून बाकावर ठेवला. ठरवलं होतं की हळूच सांगेन, समजावून सांगेन. पण त्याने ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि त्याला कळलं. आपला ठिपका तो बोटाने ओळखतो.

"कुठे सापडला?"

"शाळेतल्या बाईंच्या गाडीत. डाव्या दिव्याला."

"दहाच्या जागी?"

"हो."

तो स्टुलावर बसला. "वायर?"

"भाजली होती. बदलली. बाई ठीक आहेत, गाडी ठीक आहे."

"त्यांची आई असते गाडीत," दादा म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फ्यूजच्या जागी तार लावली म्हणून ज्याने मला घरं जाळणारा म्हटलं, तो हा माणूस. मला त्या क्षणी ते वाक्य त्याला परत द्यायचं असतं तर देता आलं असतं. माझ्या जिभेवर आलंही नाही, हे मी माझ्या बाजूने नमूद करून ठेवतो.

"अजून असतील," तो म्हणाला.

"असतील."

"मला गाड्या आठवतात. उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या. नऊ-दहा असतील. बोलवून घेऊ सगळ्यांना." मग जरा थांबून, "घेऊ ना?"

"घेऊ की. मी आहे."

आणि मग ते मला बोलायचंच होतं. "दादा, त्या दिवशी मी जे बोललो..."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. डब्यात हात घातला, एक फ्यूज उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"हा कोणता?"

टायरवाला हातात चाक धरून, कान टवकारून उभा होता. दोन गिऱ्हाइकंही आली होती. मी सवयीने आवाज खाली घेतला. "लाल."

"मोठ्याने बोल."

"दादा, लोक आहेत."

"त्या दिवशीही होते. त्या दिवशी आवाज बरा चढला होता तुझा."

माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. पन्नाशीचा बाप्या, भर बाजारात. "लाल!" मी ओरडलो. "लाल आहे, दादा! दहाचा!"

टायरवाल्याने चाक खाली ठेवलं. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. दादाने शांतपणे तो लाल फ्यूज बाजूला ठेवला आणि सगळ्यांकडे वळून, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "मला रंग कळत नाहीत. याला कळतात. भाऊ आहे माझा."

मग पायाने दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि डब्यातून पुढचा फ्यूज उचलला.

"बस," म्हणाला. "खूप आहेत. हा कोणता?"